घरी वाचायला शिकवावे का? एका गाजलेल्या पुस्तकाचे फेरवाचन

पहिलीचा वर्ग सुरू झाला की पालक हमखास एक प्रश्न विचारतात, "बाई, याच्याकडून घरी काय करून घेऊ?" अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट जोडले गेले आहे, "फोनिक्सचा क्लास लावू का?" फोनिक्सच्या पाट्या आता मोठ्या शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही दिसतात. तीन वर्षांच्या मुलांसाठी तक्ते, कार्डे, पुस्तिकांचे संच विकत मिळतात. 'घरच्या घरी, रोज पंधरा मिनिटांत मूल वाचू लागेल' असे आश्वासन त्यांच्यासोबत येते. अशा वेळी शिक्षकाने पालकांना काय सांगावे?

हे आश्वासन नवे नाही. त्याचे सर्वांत गाजलेले रूप १९५५ साली अमेरिकेत पुस्तकरूपाने अवतरले. रुडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड', म्हणजे 'जॉनीला वाचता का येत नाही', हे ते पुस्तक. ते अनेक आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होते आणि आज फोनिक्सच्या नावाने जे काही घरी-दारी चालते त्यातल्या बऱ्याच कल्पनांचे मूळ तिथे सापडते. म्हणून ते पुन्हा वाचून, त्यातले काय टिकले, काय गळाले आणि आपल्या मुलांच्या उपयोगाचे काय, हे तपासून पाहू.

पुस्तक काय म्हणते?

फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे. १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले. मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्याचे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. पुस्तकाची सुरुवात जॉनीच्या आईला लिहिलेल्या पत्राने होते. जॉनी बारा वर्षांचा, बुद्धीने चांगला, पण वाचनात मागे. फ्लेश म्हणतात की दोष जॉनीचा नाही, त्याच्या आईचाही नाही. दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

त्या काळी अमेरिकेतील बहुतेक शाळांत 'पाहा आणि म्हणा' ही पद्धत होती. अक्षरांचे उच्चार आधी शिकवायचे नाहीत. संपूर्ण शब्द चित्रासारखा पुन:पुन्हा दाखवायचा आणि त्याचा आकार मनावर ठसवायचा. डिक आणि जेन या भावंडांची वाचनमाला याच पद्धतीची. तिच्यात तेच ते मोजके शब्द पानापानावर येत. नवा शब्द आला की मुलाने चित्र पाहून किंवा वाक्याचा रोख धरून अंदाज करायचा.

फ्लेश यांचा आक्षेप सरळ आहे. इंग्रजी ही अक्षरलिपीत लिहिलेली भाषा आहे. अक्षर म्हणजे उच्चाराची खूण. ती खूण मुलाला सांगायचीच नाही आणि हजारो शब्द एकेक करून पाठ करायला लावायचे, हा उफराटा कारभार आहे. त्यांचा उपाय असा : कोणते अक्षर आणि कोणता अक्षरगट कोणता उच्चार दाखवतो हे क्रमाने शिकवा आणि उच्चार जोडून शब्द वाचायला लावा. यालाच फोनिक्स म्हणतात. शाळा हे करणार नसेल तर आईने घरी करावे, असा त्यांचा सल्ला आहे आणि त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी शब्दांच्या याद्यांचे ७२ पाठ दिले आहेत.

'पाहा आणि म्हणा'चे मूळ

फ्लेश शिक्षणतज्ज्ञांवर आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांवर तुटून पडतात. संतापाच्या भरात एक गोष्ट मात्र ते नीट उलगडत नाहीत. ही चुकीची पद्धत कोणा मूर्खाने काढलेली नव्हती. तिला प्रयोगाचा आधार होता. १८८०च्या दशकात जेम्स कॅटेल या अमेरिकी तरुणाने जर्मनीत लाइपझिग येथे, विल्हेल्म वुण्ट यांच्या प्रयोगशाळेत वाचनाचा वेग मोजला. क्षणभर दाखवलेला ओळखीचा शब्द प्रौढ माणसे जवळजवळ एका सुट्या अक्षराइतक्याच चटकन ओळखतात, असे त्यांना आढळले. यावरून पुढील लोकांनी निष्कर्ष काढला की आपण शब्द अखंड पाहतो, तर मुलांनाही तो अखंडच शिकवावा.

प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष चुकला. मुरलेला पेटीवादक पट्ट्यांकडे न पाहता गत वाजवतो, म्हणून नवशिक्याला कोणती पट्टी कोणत्या स्वराची हे सांगायचेच नाही काय? प्रवासाचा शेवट कसा दिसतो यावरून प्रवासाची वाट ठरत नाही. पुढे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणांनी दाखवले की सराईत वाचकही बहुतेक शब्दांवर नजर टेकवतो आणि त्यांतील अक्षरे खरोखर पाहतो. अंदाजाने उड्या मारत जात नाही. मुलांना शब्द पाहताक्षणी कसे ओळखता येऊ लागतात, याचा अभ्यास लिनिया एरी यांनी अनेक वर्षे केला. शब्दातील अक्षरे त्याच्या उच्चारांशी मनात घट्ट बांधली गेली की तो शब्द एका नजरेत ओळखू येतो, असे त्या सांगतात. म्हणजे 'अखंड शब्द' हे अक्षर-उच्चार शिकण्याचे फळ आहे. ते शिकणे टाळण्याचा तो मार्ग नव्हे.

शिक्षकांनी हा इतिहास एवढ्यासाठी लक्षात ठेवावा की 'संशोधनाने सिद्ध' असा शिक्का असलेली प्रत्येक पद्धत तपासताना एक प्रश्न विचारता येतो : प्रयोग कोणावर केला, आणि तो लागू कोणाला केला?

फ्लेश कुठे टिकले?

फ्लेश यांनी पुरावे तोलून-मापून मांडले नव्हते. ते काम हार्वर्डच्या जीन चॉल यांनी केले. जुने सगळे अभ्यास चाळून आणि वर्गावर्गांत बसून त्यांनी १९६७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या वर्षांत लिपीची किल्ली हाती देणारी पद्धत अधिक फलदायी ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने फोनिक्ससंबंधीचे ३८ अभ्यास एकत्र तपासले. क्रमवार फोनिक्स शिकवल्याचा फायदा होतो आणि तो बालवाडी व पहिलीत जास्त होतो, असे दिसले. मोठ्या मुलांच्या आकलनावर मात्र परिणाम तोकडा होता. इंग्लंडने २००६ च्या रोझ अहवालानंतर हीच वाट धरली. तेथे २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची एक छोटी चाचणी होते. तीत ४० शब्द असतात आणि त्यांतले निम्मे मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. मूल पाठांतराने वाचते की उच्चार जोडून, हे निरर्थक शब्दांतूनच कळते.

घरी शिकवण्याच्या मुद्द्यावरही फ्लेश अगदीच चुकले नाहीत. मोनिक सेनेशल आणि लॉरा यंग यांनी २००८ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिले. पालकांना नेमकी कौशल्ये शिकवण्याचे प्रशिक्षण दिले तेव्हा मुलांच्या वाचनात सर्वांत जास्त फरक पडला. मुलाचे वाचन नुसते ऐकून घेण्याचा फायदा त्याहून कमी होता आणि मुलाला वाचून दाखवण्याचा सर्वांत कमी. यावरून गोष्टी वाचून दाखवणे व्यर्थ आहे असे मात्र समजू नये. गोष्टींनी शब्दसंपत्ती आणि गोडी वाढते. अक्षरांची उकल त्यातून आपोआप होत नाही, एवढेच.

आणि कुठे घसरले?

पहिली घसरण ऑस्ट्रियाची. युरोपात वाचनात मागे पडणारी मुलेच नाहीत, कारण तिथे फोनिक्सने शिकवतात, असा फ्लेश यांचा दावा होता. इटालियन, फिन्निश, ग्रीक, स्पॅनिश मुले लवकर वाचू लागतात हे खरे. फिलिप सीमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस या भाषांतील मुले दहातले नऊहून अधिक सोपे शब्द बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुले जेमतेम एक तृतीयांश. ही मुले वयाने लहान होती हे खरे, पण शाळांत फोनिक्स असूनही हा फरक होता. कारण बरेचसे लिपीव्यवस्थेत आहे. इंग्रजीत २६ अक्षरे सुमारे ४४ ध्वनी दाखवतात. पी-यू-टी 'पुट' आणि बी-यू-टी 'बट' हे कोडे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पडलेले असते.

शिवाय, मागे पडणारी मुले ऑस्ट्रियातही होतीच. १९९० च्या दशकात साल्झबर्गच्या हाइन्झ विमर यांनी अशा जर्मनभाषक मुलांचा अभ्यास केला. ती वाचत बरोबर, पण अतिशय सावकाश. चुका मोजणाऱ्याला ती दिसली नसती, वेळ मोजणाऱ्याला दिसली. पद्धत कितीही चांगली असली तरी काही मुलांना वाचन जड जाते. 'फोनिक्स केले की सर्व ठीक' असे म्हणणे या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर अन्याय करणारे आहे.

दुसरी घसरण चिनी लिपीची. 'पाहा आणि म्हणा'ने इंग्रजीची चिनी केली, असे फ्लेश म्हणतात. पण बहुसंख्य चिनी चिन्हांत एक भाग उच्चाराचा इशारा देणारा असतो, आणि चीनमधील मुले पहिलीत पिन्यिन ही रोमन अक्षरांतील उच्चारलेखनाची पद्धत शिकतात. उच्चाराशी पूर्ण फारकत घेतलेली लिपी तिथेही नाही.

तिसरी घसरण सर्वांत महत्त्वाची. फ्लेश अभिमानाने सांगतात की आपण एकदा चेक वर्तमानपत्र खडाखडा वाचून एका चेक माणसाला चकित केले, आणि त्यातला एकही शब्द आपल्याला कळत नव्हता. त्यांच्या मते हेच वाचन, समजणे वेगळे. आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे अर्थ न कळता संस्कृत स्तोत्रे पोथीतून अस्खलित वाचणारी माणसे घरोघरी आहेत. देवनागरी येणारा कोणीही नेपाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू शकेल. पण आपण त्याला 'नेपाळी वाचता येते' असे म्हणू का?

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये हा गुंता एका साध्या सूत्राने सोडवला. वाचून समजणे म्हणजे लिपीची उकल गुणिले ऐकून समजणे. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. उकल न येणाऱ्या मुलाला भाषा कितीही येवो, पान मुकेच राहते. भाषा न येणाऱ्या मुलाला उकल कितीही येवो, हाती नुसते आवाज लागतात. फ्लेश यांनी पहिला गुणक अचूक ओळखला, पण दुसरा गृहीत धरला. त्यांचा जॉनी घरी-दारी इंग्रजीच बोलत होता, म्हणून ते त्यांना परवडले.

मराठी घरातला फोनिक्स

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्गात आपण 'सी-ए-टी कॅट' घोकून घेतो. हे फोनिक्स नव्हे. ही अक्षरांची नावे आहेत, आणि 'सी', 'ए', 'टी' कितीही भरभर म्हटले तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. 'क्', 'अ‍ॅ', 'ट्' हे उच्चार जोडले तर निघतो. एवढा बदल प्रत्येक शिक्षकाने जरूर करावा. करताना एक पथ्य पाळावे. आपल्या 'क'मध्ये 'अ' मुरलेला असतो, त्यामुळे 'क-अ‍ॅ-ट' असे लांबवून म्हटले जाते आणि जोडणी बिघडते.

पण इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला जो आधार असतो, तो आपल्या मुलाला नसतो. ते मूल उच्चार जोडताना थोडे चुकले तरी जवळचा ओळखीचा शब्द कानात असल्याने स्वतःच दुरुस्ती करते. मराठी घरातील तीन वर्षांच्या मुलाला 'हेन' आणि 'मॅट' हे शब्द 'ग्लिप' आणि 'झॉक' इतकेच परके. म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळी पुस्तिकाच निरर्थक शब्दांची चाचणी ठरते. ते खडाखडा वाचते, पालक खूश होतात, आणि फ्लेश यांच्या चेक वर्तमानपत्राचा प्रयोग आपल्या घरात रोज चालतो. इंग्रजी आधी ऐकू यावी, बोलली जावी, मग उलगडावी. तीन वर्षांच्या मुलासाठी पैसे मोजून हा क्रम उलटा करण्यात हशील नाही.

मग मराठी वाचनासाठी फोनिक्स हवा का? खरे तर आपली लिपीच उच्चारांवर रचलेली आहे. वर्णमालेत अक्षरे उच्चारस्थानांनुसार बसवली आहेत आणि बाराखडी म्हणजे उच्चार व चिन्ह यांच्या नात्याचा तक्ताच. तरीही देवनागरीत सगळे सरळ आहे असे नाही. 'चंद्र' आणि 'चमचा' यांतल्या 'च'चे उच्चार वेगळे. पहिली वेलांटी लिहायची व्यंजनाआधी, उच्चारायची नंतर. 'कमळ' लिहिताना 'ळ' पूर्ण, म्हणताना पाय मोडलेला. शिवाय चिन्हांची संख्या मोठी : चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवरील आपल्या २००७ च्या अभ्यासात दाखवले की अशा लिपीतील सर्व अक्षरे अंगवळणी पडायला तीन-चार वर्षे लागतात, आणि अक्षरातील व्यंजन व स्वर सुटे करून ऐकण्याची जाण हळूहळूच येते. इंग्रजी मूल वर्षभरात २६ अक्षरे ओळखते, म्हणून मराठी मुलाने पहिलीत सगळी बाराखडी पुरी करावी ही अपेक्षा म्हणूनच गैर आहे.

बाराखडीचा घोष करताना मूल 'क, का, कि, की' म्हणते, पण मधले 'कू' एकटे दाखवले की पुन्हा 'क'पासून सुरुवात करते. त्याला चाल पाठ आहे, चिन्ह नव्हे. यापेक्षा चार-पाच व्यंजने आणि एक-दोन स्वरचिन्हे घेऊन लगेच शब्द करणे बरे. म, क, र, ल, ब आणि काना घेतला की 'काम', 'माल', 'बाक', 'कमरा', 'बकरा' असे अर्थपूर्ण शब्द तयार होतात. मूल पहिल्या आठवड्यापासून खरेखुरे वाचते.

घराकडे काय, शाळेकडे काय?

फ्लेश यांच्या पुस्तकातला सर्वांत जळजळीत मुद्दा पद्धतीचा नाहीच, तो समतेचा आहे. सुस्थितीतील घरे मुलांना घरी वाचायला शिकवतात आणि शाळेवर अवलंबून असलेली मुले मागे राहतात; यामुळे लोकशाहीच पोखरली जाते, असे ते म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. पण त्यांचा उपाय पाहा : आईने घरी शिकवावे! म्हणजे ज्या आईला वाचता येते, जिला वेळ आहे, तिच्याच मुलाला पुन्हा फायदा. रोगाचे निदान केल्यावर त्यांनी औषध म्हणून रोगच दिला. फोनिक्सच्या क्लासला हेच लागू पडते. फी भरणाऱ्याचे मूल पुढे जाते आणि ज्याला सर्वाधिक गरज आहे ते दाराबाहेर राहते.

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. असर पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीतली सुमारे निम्मीच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेल्यांपैकी अनेकांच्या आयांना अक्षरओळख नाही. राजस्थान आणि बिहारमध्ये अशा मातांसाठी साक्षरतावर्ग चालवून आणि घरी करायच्या कृतींचे साहित्य देऊन काय होते, हे एका मोठ्या प्रयोगात पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना फायदा झाला, पण लहान आणि मुख्यतः गणितात. आईला शाळेची जागा घ्यायला लावून शाळेचे काम होत नाही.

शाळेतही सर्व आलबेल नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २०१७ मध्ये अहवालरूपाने आला. वर्गातला बराच वेळ फळ्यावरून उतरवणे आणि सामूहिक घोष यांत जातो, अर्थावर बोलणे फार थोडे होते, असे त्यातून दिसले. म्हणजे गुणाकारातले दोन्ही गुणक एकाच वेळी लंगडे.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाला उत्तर असे देता येईल. लिपीची उकल शिकवणे हे शाळेचे काम आहे. ते क्रमवार, रोज आणि प्रत्येक मुलासाठी झाले पाहिजे. ते घरावर किंवा क्लासवर ढकलता येणार नाही. घराकडे मागायचे ते असे, की जे कोणत्याही घरात आहे. गाण्याच्या किंवा गावांच्या भेंड्या घ्या. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द शोधताना मूल शब्दाचे तुकडे ऐकायला शिकते आणि त्यासाठी आईला वाचता येण्याची गरज नसते. 'म'ने सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधायला सांगा : मीठ, मिरची, मोहरी. ओव्या, उखाणे, कोडी, आजीच्या गोष्टी, शेतातली आणि बाजारातली हकीकत मुलाच्या कानावर पडू द्या. दुसरा गुणक तिथेच भरतो. ज्यांना वाचता येते त्यांनी शाळेत झालेलीच अक्षरे घेऊन दहा मिनिटे शब्द जुळवावेत, मूल कंटाळण्याआधी थांबावे, आणि अडले तर अंदाज करायला न लावता अक्षराकडे बोट दाखवावे.

फ्लेश यांचे पुस्तक आज पद्धतीसाठी वाचण्याची गरज उरलेली नाही. त्यांच्या याद्यांपेक्षा चांगले साहित्य आता आहे. पण न वाचणाऱ्या मुलाकडे पाहून 'हा ढच आहे' असे म्हणण्याआधी 'आपण त्याला किल्ली दिली का' हे विचारायला ते पुस्तक भाग पाडते, आणि एवढ्यासाठी ते शिक्षकखोलीच्या कपाटात असावे. दुसरीच्या वर्गात आज जी चार-पाच मुले पुस्तक उघडून गप्प बसतात, त्यांना एकेकट्याने जवळ बोलावून बारा-पंधरा अक्षरे क्रम मोडून दाखवून पाहावीत. कोणते अक्षर अडते हे दहा मिनिटांत कळेल. मग एखादी छोटी गोष्ट सांगून ती त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावावी. कोणता गुणक कमी पडतो आहे हे समजले की उद्याच्या तासाला काय करायचे, ते आपोआप ठरेल.